बर्फाचा पंचनामा

गेल्या काही बैठकांत हवामानबदलाचा विषय निघाला की एक ठरावीक वाक्य ऐकू येते. ध्रुवावरचा बर्फ वितळला तर वितळू द्या, सोयाबीनच्या भावाचे बोला. टाळ्याही पडतात. काही कार्यकर्ते आणखी पुढे जातात. त्यांच्या मते ही सगळी गोऱ्या देशांनी उठवलेली हूल आहे. आपले डिझेलचे इंजिन, आपला युरिया आणि आपल्या म्हशी यांच्यावर बंधने आणण्यासाठी.

हा संशय मला समजतो. आजवर ज्याने ज्याने शेतकऱ्याला कुणाच्या तरी भल्याची गोष्ट सांगितली, त्याने शेवटी शेतकऱ्याच्याच खिशात हात घातला. २०२३ च्या डिसेंबरात कांद्याची निर्यात बंद झाली ती ग्राहकाच्या भल्यासाठी. आता पृथ्वीच्या भल्यासाठी काय काढून घेणार, असे कुणाच्या मनात आले तर त्यात त्याचा दोष नाही.

पण संशय वेगळा आणि पुरावा वेगळा. माझे म्हणणे असे की बर्फ वितळतो आहे, तो माणसाने जाळलेल्या कोळशामुळे आणि तेलामुळे वितळतो आहे, आणि हे उघडपणे मान्य करण्यात शेतकऱ्याचा तोटा नसून फायदा आहे. आपल्या नुकसानीच्या दाव्यात इतका भक्कम साक्षीदार दुसरा नाही. त्यालाच आपण खोटे पाडले तर दावा कशाच्या आधारावर उभा करणार?

आधी बर्फ कोणता, ते लावून घेऊ. ध्रुवांकडे दोन तऱ्हेचा बर्फ आहे. उत्तर ध्रुवावर जमीन नाही, आर्क्टिक महासागर आहे. त्याचे पाणी गोठून काही मीटर जाडीचा बर्फ होतो आणि पाण्यावर तरंगतो. दुसरा बर्फ जमिनीवरचा. ग्रीनलंड बेटावर आणि दक्षिणेला अंटार्क्टिका खंडावर हजारो वर्षांचा हिमवर्षाव थरावर थर दबून बसला आहे, कुठे कुठे तीन किलोमीटरपेक्षाही जाड. सरबताच्या पेल्यात तरंगणारा खडा विरघळला म्हणून पेला ओसंडत नाही. बाहेरून नवा खडा टाकला तर मात्र पाणी चढते. समुद्राची पातळी वाढवतो तो हा बाहेरचा, जमिनीवरचा बर्फ. हा भेद न करता एक बाजू उद्या मुंबई बुडणार म्हणून ओरडते आणि दुसरी बाजू पेल्याचा प्रयोग दाखवून हसते. दोघांच्याही हातात अर्धाच कागद असतो.

तरंगत्या बर्फाची मोजणी १९७९ पासून उपग्रहांनी अखंड चालू आहे. आर्क्टिकमधला बर्फ उन्हाळाभर घटत जातो आणि सप्टेंबरात सर्वांत कमी होतो. १९८० च्या आसपास तो सप्टेंबरात सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर उरत असे. २०१२ च्या सप्टेंबरात ३४ लाख उरला. कमी झालेले क्षेत्र आपल्या अख्ख्या देशाच्या क्षेत्रफळापेक्षा मोठे आहे. त्यानंतर २०२५ पर्यंत आकडा इतका खाली गेला नाही हे खरे, पण जुन्या पातळीवर तो एकदाही परतलेला नाही. अंटार्क्टिकाभोवतीचा तरंगता बर्फ २०१४ पर्यंत किंचित वाढत होता आणि शंकेखोरांना तेवढाच दाखला पुरत असे. २०२३ च्या फेब्रुवारीत तोही उपग्रहांच्या नोंदीतल्या नीचांकावर आला. तेव्हापासून तो दाखला फारसा कानावर येत नाही.

जमिनीवरच्या बर्फाचे तर वजनच करतात. २००२ साली एकामागून एक धावणारे दोन उपग्रह सोडले गेले. खाली जिथे वस्तुमान जास्त, तिथे गुरुत्वाची ओढ जास्त. त्या ओढीने दोन उपग्रहांमधले अंतर केसभर बदलते आणि त्या बदलावरून खालचा बर्फ किती घटला ते कळते. २०१८ पासून त्यांच्या जागी नवी जोडी काम करते आहे. हा हिशेब सांगतो की ग्रीनलंड दर वर्षी सरासरी २७० अब्ज टन बर्फ गमावते आणि अंटार्क्टिका त्याच्या निम्म्याच्या आसपास. अब्ज टन म्हटले की डोळ्यांपुढे काही येत नाही, म्हणून आपल्या मापात सांगतो. २७० अब्ज टन म्हणजे साधारण साडेनऊ हजार टीएमसी पाणी. कोयना धरण १०५ टीएमसीचे. म्हणजे एकट्या ग्रीनलंडावरून दर वर्षी नव्वद कोयना समुद्रात रिकाम्या होतात, आणि त्या भरून येत नाहीत.

पुढचा आक्षेप ठरलेला आहे. हवामान तर नेहमीच बदलत आले, हिमयुगे आली आणि गेली, तेव्हा कुठे मोटारी होत्या? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर त्या बर्फातच दडले आहे.

हिम पडताना थरांच्या मधे हवा अडकते आणि बर्फ झाल्यावर बुडबुड्यांच्या रूपाने तिथेच राहते. अंटार्क्टिकात खोल भोक पाडून काढलेल्या बर्फाच्या कांड्यांमधून गेल्या आठ लाख वर्षांची हवा शास्त्रज्ञांच्या हाती आली आहे. हा पृथ्वीचा सातबारा समजा. यात तलाठ्याला खाडाखोड करता येत नाही. या आठ लाख वर्षांत कार्बन डायऑक्साइड, म्हणजे कर्बवायू, हवेच्या दर दहा लाख भागांत १८० ते ३०० भाग यांच्या दरम्यान हेलकावे खात राहिला. हिमयुगात कमी, उबदार काळात जास्त. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी तो २८० होता. १९५८ साली हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगरावर रोजची मोजणी सुरू झाली तेव्हा ३१५ च्या आसपास. आज तो ४२० च्या वर आहे. हिमयुगातून बाहेर येताना पृथ्वीच्या कक्षेतल्या बदलांनी सुरुवात झाली आणि शंभराच्या आतबाहेरची वाढ व्हायला हजारो वर्षे लागली. त्याहून मोठी वाढ आपण दीड-पावणेदोनशे वर्षांत करून दाखवली.

मग सूर्यच तापला असेल? सूर्याकडून येणारी ऊर्जा १९७८ पासून उपग्रह मोजत आहेत आणि तिच्यात वाढीचा कल नाही. शिवाय सूर्य तापला असता तर हवेचे खालचे-वरचे सगळेच थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि त्याच्या वरचा, दहा-पंधरा किलोमीटरच्या पलीकडचा थर थंड होतो आहे. पॉलिहाऊसचा कागद आतली ऊब धरून ठेवतो तसा हा प्रकार आहे. वाढलेला कर्ब कुठून आला तेही कळते, कारण कोळसा आणि खनिज तेल यांच्यातल्या कर्बाची घडण वेगळी ओळखू येते. यात नवे काही नाही. स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८९६ साली कागद-पेन्सिलीने हा हिशेब मांडला होता.

आणि हूल म्हणाल तर ती नेमकी उलट्या बाजूने उठली आहे. एक्सॉन या तेलकंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकापासून तापमानवाढीचे जे अंदाज कंपनीला दिले, ते बऱ्यापैकी अचूक निघाले, असे २०२३ साली 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. कंपनी मात्र लोकांपुढे वर्षानुवर्षे शंकाच मांडत राहिली. आपल्या बैठकीत आपण जी वाक्ये टाळ्यांसाठी वापरतो, त्यांतली काही अशा कारखान्यांत तयार झालेली आहेत, हे कार्यकर्त्यांनी लक्षात घ्यावे.

उत्तर ध्रुवच एवढ्या झपाट्याने का तापतो? १९७९ पासून आर्क्टिकचा भाग जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. त्याचे एक मोठे कारण शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. अवर्षणात पिकावर केओलिनची, म्हणजे पांढऱ्या मातीची फवारणी करण्याची शिफारस आपण करतो, कारण पांढऱ्या पानावरून ऊन परत जाते आणि ओल टिकते. हिमाने झाकलेला बर्फ अंगावर पडलेल्या उन्हातले ऐंशी-नव्वद टक्के परत पाठवतो. उघडे काळे पाणी सहा-सात टक्केच परत पाठवते आणि उरलेले पिऊन टाकते. बर्फ गेला की पाणी तापते, पाणी तापले की आणखी बर्फ जातो. सावकाराच्या व्याजासारखी ही गोष्ट आहे.

आता आपल्या शिवारात येऊ. ध्रुवावरचे अरिष्ट थेट आपल्या बांधावर आणून उभे करणारे काही उत्साही लोक आहेत. त्यांच्या पंक्तीत मला बसायचे नाही. एका पावसाळ्यातल्या एका पुराचे खापर एकट्या उत्तर ध्रुवावर फोडता येत नाही. पण एक अभ्यास आपल्या कामाचा आहे आणि तो परक्यांनी केलेला नाही. गोव्यात वास्कोला केंद्र सरकारची राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन संस्था आहे. अंटार्क्टिकातली मैत्री आणि भारती ही आपली केंद्रे तीच चालवते. उत्तरेला नॉर्वेच्या ताब्यातल्या स्वालबार्ड बेटांवर २००८ पासून आपले हिमाद्री केंद्र आहे, तेही तिच्याकडेच. या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली मांडले की सायबेरियाच्या उत्तरेला असलेल्या कारा समुद्रात उन्हाळ्यात बर्फ कमी राहिला, तर मध्य भारतात सप्टेंबरात अतिवृष्टीची शक्यता वाढते. उघड्या पडलेल्या पाण्यातली उष्णता वर जाते, त्याने वरच्या थरातल्या वाऱ्यांची वळणे बदलतात, ती युरोपवरून आशियापर्यंत पोचतात, आणि त्याच वेळी अरबी समुद्र तापलेला असला की बाष्पाला तोटा नसतो. शास्त्रज्ञांनी स्वतः याला संभाव्य संबंध म्हटले आहे, आपणही तेवढेच म्हणावे.

पण महिना पाहा. सप्टेंबर. सोयाबीनच्या शेंगा भरलेल्या असतात, लवकर येणाऱ्या वाणाची काढणी तोंडावर असते. कपाशीची खालची बोंडे फुटायला आलेली असतात. जूनचा पाऊस चुकला तर दुबार पेरणीने निदान हात मारता येतो. सप्टेंबराच्या शेवटी झोडपले तर शेंगेतच कोंब येतात, बोंड सडते, आणि तोवर बियाणे, खत, फवारणी, निंदणी असा सगळा खर्च करून झालेला असतो. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्याने आणि सीना नदीच्या काठाने हे भोगले. पिकाबरोबर काही ठिकाणी मातीच वाहून गेली. माती गेलेल्या शेताला कोणत्या हंगामाचा हमीभाव लावणार? म्हणून म्हणतो, भावाचा प्रश्न आणि बर्फाचा प्रश्न असे दोन वेगळे प्रश्न नाहीत. भाव घ्यायला माल घरात यावा लागतो.

कोकणातल्या भावांना हे वेगळ्या वाटेने कळते. १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्राची पातळी सरासरी २० सेंटिमीटरने वाढली. काही वाढ पाणी तापून फुगल्यामुळे, काही डोंगरांवरच्या हिमनद्या वितळल्यामुळे आणि काही या ध्रुवीय बर्फामुळे. वेगही वाढतो आहे. वीतभर पाणी ऐकायला क्षुल्लक वाटते. पण अलिबाग, पेण भागातली खारजमीन बांधाच्या भरवशावर उभी आहे. मोठ्या उधाणात पाणी बांधाच्या माथ्यापासून किती बोटे खाली थांबते, यावर तिथली भाताची पेर अवलंबून असते. गोव्याच्या खाजन शेतीचे तेच. एकदा खारे पाणी आत शिरले की पुढची काही वर्षे त्या खाचरात भात नीट उभा राहत नाही. १९३३ साली चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप केला आणि तो सहा वर्षे चालवला, तो याच पट्ट्यात. खोत गेले. आता भरती वाढते आहे, आणि बांधाची उंची मात्र जुन्याच उधाणाच्या हिशेबाने धरलेली आहे.

मग हे बिल कोणाचे? इथे आपण जीभ सैल सोडण्यापेक्षा आकडे पाठ करावेत. कारखानदारी सुरू झाल्यापासून कोळसा, तेल आणि वायू जाळून जेवढा कर्बवायू हवेत गेला, त्यातला जवळपास चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा. भारताचा तीन-चार टक्के. आजही माणशी पाहिले तर अमेरिकेतला माणूस वर्षाला चौदा टनांच्या आसपास कर्बवायू सोडतो, भारतातला दोन. हेही लपवायचे कारण नाही की देश म्हणून वर्षाच्या एकूण आकड्यात भारत आज चीन आणि अमेरिका यांच्या पाठोपाठ तिसरा आहे. पण त्या दोन टनांच्या सरासरीत थंडगार मॉलमध्ये फिरणारा आहे आणि रात्री दोन वाजता पंप चालू करायला उठणाराही आहे. जगापुढे गरिबाची सरासरी दाखवायची आणि देशात त्याच गरिबाला काटकसर शिकवायची, हा खेळ आपण ओळखला पाहिजे.

मोजमाप दुसऱ्याच्या हाती राहिले की काय होते, याचा धडा आपल्याला एकदा मिळालेला आहे. १९९० च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने अंदाज मांडला की भारतातल्या भातखाचरांतून वर्षाला ३.७८ कोटी टन मिथेन निघतो. मिथेनही उष्णता धरणारा वायू आहे. हा आकडा परदेशातल्या शेतांतल्या मोजणीवरून ओढून ताणून काढलेला होता. १९९१ साली दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे डॉ. ए. पी. मित्रा यांच्या पुढाकाराने आपल्याच खाचरांत जाऊन मोजणी झाली. आकडा निघाला ४० लाख टनांच्या आसपास, म्हणजे नऊ पटींहून अधिक आरोप हवेत विरला. त्याच वर्षी अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी पोटासाठीचा धूर आणि चैनीसाठीचा धूर एका तराजूत घालता येणार नाही, हा मुद्दा जगापुढे मांडला. मित्रांनी विज्ञान खोटे आहे असे म्हटले नाही. ते खाचरात उतरले आणि त्यांनी मोजले.

तसेच, युरियाचा विषय निघाला म्हणून कृषी पदवीधर या नात्याने एक कडू गोष्टही सांगून टाकतो. दिलेल्या युरियातले निम्म्याहून अधिक नत्र पिकाच्या मुखी लागत नाही. काही पाण्याबरोबर जाते, काही हवेत, आणि हवेत जाणाऱ्या नत्राचा एक भाग कर्बवायूपेक्षा कितीतरी जास्त उष्णता धरतो. ते वाचवण्यात आपलाच पैसा वाचतो. फक्त युरिया स्वस्त आणि स्फुरद-पालाश महाग, हे धोरण शेतकऱ्याने ठरवलेले नव्हते.

श्रीमंत देशांकडून काय अपेक्षा ठेवावी? १९९२ साली रिओत जबाबदारी सर्वांची पण ज्याच्या त्याच्या मगदुरानुसार, असे ठरले. २०२२ साली इजिप्तमध्ये नुकसानभरपाईच्या निधीचे तत्त्व मान्य झाले. २०२४ साली बाकूत श्रीमंतांनी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभे करण्याचे कबूल केले. भारताने ती रक्कम अपुरी म्हणून तिथल्या तिथे हरकत नोंदवली. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने पॅरिस करारातून पुन्हा बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. दुसरीकडे वितळत्या आर्क्टिकच्या तळाशी जगातल्या न सापडलेल्या तेलाचा १३ टक्के आणि वायूचा ३० टक्के साठा असावा, असा अंदाज अमेरिकेच्याच भूगर्भ खात्याने २००८ साली काढून ठेवला आहे. बर्फ हटला की त्याला हात घालायला सगळे टपलेले आहेत. घराला आग लागली तर कोळसा फुकट मिळेल, या हिशेबाने बसलेल्या सावकाराकडून मनीऑर्डर येईल असे स्वप्न मी कुणाला दाखवत नाही.

म्हणून मागणी मुंबई-दिल्लीकडे करायची आणि ती मोजमापाची करायची. आज महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर अतिवृष्टी. एका मंडळात किती तरी गावे येतात, आणि मापक एका गावात. ढग एका शिवारावर फुटतो, मापकाच्या शिवारात शिंतोडे पडतात, आणि शेंगेत कोंब आलेल्या शेतकऱ्याला सांगितले जाते की तुमच्याकडे अतिवृष्टी झालीच नाही. २०२५ च्या खरिपात राज्याने एक रुपयातला पीकविमा बंद केला आणि भरपाईची भिस्त पीककापणी प्रयोगावर ठेवली, तेव्हा गावोगावच्या पावसाच्या नोंदीला आणखी कुणी विचारीनासे झाले. ग्रीनलंडाच्या बर्फाचे वजन आकाशातून करता येते, आणि आपल्या गावात पडलेला पाऊस गावात मोजता येत नाही? प्रत्येक ग्रामपंचायतीत पर्जन्यमापक, त्याची नोंद चावडीवर रोज जाहीर, आणि भरपाई त्या नोंदीवर, ही मागणी लावून धरली पाहिजे. किनाऱ्यावरच्या जिल्ह्यांत खारबांधांची उंची आणि उघाड्यांची दुरुस्ती नव्या उधाणांच्या पातळीने व्हावी. आणि कार्बन क्रेडिटचे करार घेऊन गावात येणाऱ्या कंपन्यांच्या कागदावर, तो मराठीत वाचून मुदत आणि वाटा समजल्याशिवाय कुणी अंगठा किंवा सही देऊ नये. दहा-वीस वर्षांसाठी शेतात काय लावायचे हे गहाण पडू शकते.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने आपल्या मंडळांतल्या पर्जन्यमापकांची पाहणी लिहून आणावी. मापक कोणत्या गावात आहे, चालू आहे की बंद, झाडाखाली किंवा भिंतीच्या आडोशाला आहे का, गेल्या सप्टेंबराची रोजची नोंद मिळते का, आणि मापकापासून मंडळातले सर्वांत लांबचे गाव किती किलोमीटरवर आहे. गटविकास किंवा तहसील कार्यालयाने नोंद दिली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून त्याची पोच सोबत आणावी.